डांग्या खोकल्याचा जंतू श्वासनलिकेत पाय कसा रोवतो

डांग्या खोकला झालेल्या मुलाला नेमकं अँटिबायोटिक सुरू केलं की पाचेक दिवसांत त्याच्यापासून इतरांना लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. म्हणजे जंतूंचा निकाल लागलेला असतो. खोकला मात्र पुढे आठवडेच्या आठवडे चालूच राहतो. रात्री-अपरात्री उबळ येते, मूल लालबुंद होतं, पोटात गेलेलं सगळं ओकून टाकतं. आईवडील हैराण होतात. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलतात, शेजारच्यांनी सुचवलेलं नवं सिरप आणतात. खरं तर औषधानं आपलं काम चोख केलेलं असतं, फक्त ते वेळेवर पोचलेलं नसतं.

हा उशीर म्हणजे नेमकं काय, हे कळायला आजाराचे पहिले आठ-दहा दिवस बघावे लागतात. तेव्हा मुलाला काहीही होत नसतं, किंवा फार तर नाक गळत असतं. त्या दिवसांत जंतू श्वासनलिकेत आधी एकच गोष्ट करतो. तो चिकटतो. बाकीचं सगळं त्यानंतर.

‘इन्फेक्शन झालं’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की जंतू नाकातोंडात गेला म्हणजे आजार झाला, असंच डोक्यात बसलेलं असतं. तसं असतं तर आपण कुणीच धड राहिलो नसतो. मोठा माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेत धूळ असते, बुरशीचे बीजाणू असतात, लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शिंकेतले तुषार असतात. जंतू आत जाणं ही रोजची बाब आहे. आत टिकणं ही मात्र अवघड गोष्ट आहे, कारण आपल्या श्वासनलिकेला आतून एक जिवंत, सतत हलणारं अस्तर आहे.

या अस्तरातल्या बहुतेक पेशींच्या माथ्यावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांना सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर सुमारे दोनशे, आणि प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सहा-सात. हे तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात, आणि कसेही हलत नाहीत. वर जाताना ताठ होऊन जोरात फटका मारतात, परत येताना वाकून खालून येतात. त्यांच्या मुळाशी पातळ द्रव असतो, त्यामुळे हलायला मोकळीक मिळते. टोकांवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. आत आलेला कचरा आणि जंतू या थरात अडकतात, आणि सिलियांच्या फटक्यांनी तो अख्खा थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगानं घशाकडे सरकत राहतो. घशापाशी आला की आपण तो नकळत गिळून टाकतो. पुढचं पोटातलं आम्ल बघून घेतं. दिवसभर हे चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता जंतूच्या बाजूनं हिशेब करू. मोठ्या माणसाची श्वासनलिका दहा-बारा सेंटिमीटर लांब. म्हणजे तिच्या तळाशी पडलेला जंतू अर्ध्या तासाच्या आत-बाहेर घशात येऊन पोचतो. डांग्या खोकल्याच्या जंतूला एकाचे दोन व्हायला मात्र काही तास लागतात. त्यामुळे नुसतं वाहत राहून त्याचा वंश वाढणं शक्य नाही. एकाचे दोन व्हायच्या आत तो पोटात जाणार. श्वसनमार्गात आजार करणाऱ्या कुठल्याही जीवाणूपुढे हाच पेच असतो: वाहत्या थरातून सुटायचं, खालच्या पेशींना गाठायचं आणि पकड घ्यायची. ज्यांना हे जमतं, तेच पुढे आजार करतात.

पकड घेणंही सोपं नाही. जंतूचा पृष्ठभाग आणि आपल्या पेशीचा पृष्ठभाग, दोन्हींवर एकूणात ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे जंतू पेशीच्या अगदी जवळ आला की त्याला रेटा बसतो. यावर जंतूंनी काढलेला उपाय म्हणजे बारीक, लांब धागे. अख्खं अंग जवळ नेण्यापेक्षा बारीक धागा पुढे करणं सोपं, कारण त्याच्या टोकावर रेटा कमी बसतो. आधी धाग्याच्या टोकाची सैल पकड, मग जवळच्या अंतरावर काम करणाऱ्या इतर प्रथिनांची घट्ट पकड. चिकटण्याचं काम करणाऱ्या या प्रथिनांना मिळून अ‍ॅडहेझिन म्हणतात.

पावसाळा सरल्यावर माळावरच्या गवतातून चालून आलं की कपड्यांना कुसळं लागतात, ती झटकून जात नाहीत, एकेक उपटावी लागतात. चिकटलेला जंतू साधारण तसा. पण ही उपमा इथेच सोडलेली बरी, कारण कुसळाला कापड सुती आहे की लोकरीचं याच्याशी देणंघेणं नसतं. जंतूला असतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात, प्रथिनं असतात. जंतूचं अ‍ॅडहेझिन त्यातल्या ठरावीक रेणूलाच धरतं. तो रेणू ज्या पेशीवर नाही, तिथे जंतूची डाळ शिजत नाही. म्हणूनच एखादा जंतू घसाच धरतो, दुसरा मूत्रमार्गातच शिरतो, तिसरा आतड्यातच राहतो. डांग्या खोकल्याचा जंतू तर निसर्गात फक्त माणसातच आढळतो. कुत्रा, मांजर, गाय, कोंबडी यांच्याकडून तो येत नाही, मातीतून येत नाही, पाण्यातून येत नाही. खोकणाऱ्या माणसाकडूनच येतो.

सिलियांच्या झुबक्यात

या जंतूचं नाव बोर्डेटेला परट्युसिस. हे नाव बेल्जियमच्या ज्यूल्स बोर्डे यांच्यावरून पडलं. त्यांनी १९०० साली डांग्या खोकला झालेल्या मुलाच्या कफात हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून केलेल्या एका खास माध्यमावर तो अखेर वाढला. ते साल १९०६, आणि सोबत होते ऑक्टाव्ह झांगू. त्या थाळीवर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. मग टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत ठिपके उगवतात, पाऱ्याचे थेंब सांडल्यासारखे. बोर्डे यांना १९१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्या कामासाठी.

जंतू नेमका कुठे बसतो, हे १९१२ साली बोस्टनमध्ये दिसलं. फ्रँक मॅलरी हे विकृतिशास्त्रज्ञ डांग्या खोकल्यानं दगावलेल्या मुलांच्या श्वासनलिकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. जंतू पेशींच्या आत फारसे नव्हते, रक्तातही नव्हते. ते सिलियांच्या मधोमध, त्या तंतूंच्या झुबक्यांत दाटीवाटीनं बसलेले होते. पुढे प्रयोगशाळेत श्वासनलिकेचे जिवंत तुकडे वाढवून त्यावर हेच जंतू सोडले, तेव्हाही तेच. सिलिया असलेली पेशी त्यांनी धरली, शेजारची सिलिया नसलेली पेशी बहुतांशी सोडून दिली.

मला या आजारातलं सगळ्यात चकित करणारं इथेच वाटतं. जो अवयव जंतूला हाकलून द्यायला आहे, त्यालाच तो जाऊन बिलगतो.

त्यासाठी त्याच्याकडे एक नाही, अनेक पकडी आहेत. सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन म्हणजे फिलामेंटस हीमॅग्लुटिनिन. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे त्याला एफएचए म्हणतात. ही एक ताठ काडी असते, साधारण पन्नास नॅनोमीटर लांब, म्हणजे जंतूच्या स्वतःच्या लांबीच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाएवढी. या एकाच काडीवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी धरायची सोय आहे. एक भाग सिलियांवरच्या साखरेला धरतो, दुसरा गंधकयुक्त साखळ्यांना, तर तिसरा आपल्या भक्षक पेशींवरच्या एका ग्राहीला. हा तिसरा भाग तर निव्वळ तोतयेगिरी आहे. आपल्या शरीरातल्या प्रथिनांवर पेशींनी एकमेकींना धरण्यासाठी तीन अमिनो आम्लांची एक खूण असते. एफएचएवर हुबेहूब तीच खूण आहे.

एफएचएच्या जोडीला फिम्ब्रिए नावाचे बारीक केसाळ धागे असतात. परटॅक्टिन नावाचं एक प्रथिन जंतूच्या कवचाबाहेर डोकं काढून असतं. आणि परट्युसिस टॉक्सिन हे विषच आहे, पण त्याच्या पाच तुकड्यांच्या तळाचं कामच मुळी पेशीवरची साखर पकडण्याचं आहे. एक पकड सुटली तरी बाकीच्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, लशींकडे वळल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

एवढी सगळी सामग्री कायम अंगावर वागवणं जंतूला परवडणारं नाही. त्यामुळे ती केव्हा बनवायची, याचाही त्याच्याकडे बंदोबस्त आहे. त्याच्यात बीव्हीजी नावाची प्रथिनांची एक जोडगोळी असते. एक प्रथिन बाहेरचं वातावरण जोखतं, दुसरं त्याप्रमाणे जनुकं चालू-बंद करतं. तापमान सदतीस अंश, म्हणजे माणसाच्या अंगाएवढं असलं की चिकटण्याची प्रथिनं आणि विषं यांचा कारखाना सुरू. पंचवीस अंशांवर आणलं की तो बंद. प्रयोगशाळेत नुसतं मॅग्नेशियम सल्फेट घातलं तरी बंद होतो.

चिकटल्यानंतर काय

पकड बसली की जंतू वाढू लागतो आणि वाढता वाढता एक रेणू बाहेर टाकतो. हा रेणू म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेचा तुकडा. प्रत्येक जीवाणू वाढताना आपली भिंत थोडी पाडतो आणि पुन्हा बांधतो. आतड्यातला ई. कोलाय हे पाडकामाचे तुकडे आत ओढून परत वापरतो, वाया जाऊ देत नाही. डांग्या खोकल्याचा जंतू ते सांडत राहतो. या तुकड्याला ट्रॅकिअल सायटोटॉक्सिन असं नाव आहे, आणि तो सिलिया असलेल्या पेशींना नेमका मारतो. पेशी सैल होते, अस्तरातून सुटते आणि श्लेष्म्यात पडते. तिच्यासोबत तिचे दोनशे तंतूही जातात. श्लेष्मा बनवणाऱ्या शेजारच्या पेशी मात्र जागेवर असतात आणि बनवतच राहतात.

म्हणजे कफ तयार होतोय, पण वर सरकवणारं कुणी नाही. तो साचतो. आता तो बाहेर काढायचा एकच मार्ग उरतो: खोकणं. त्यातच जंतूंच्या विषांनी खोकल्याची यंत्रणाही हळवी करून ठेवलेली असते. थंड हवेची झुळूक, एक घोट पाणी, थोडंसं हसू, एवढं उबळ यायला पुरतं.

औषधानंतरही खोकला का राहतो, याचं उत्तर इथे आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं, गळून पडलेल्या पेशी परत आणत नाही. अस्तर नव्यानं उगवायला, त्यावर सिलिया यायला आणि त्यांना एका तालात हलायला आठवडे लागतात. डॉक्टर पहिल्या एक-दोन आठवड्यांत, सर्दीच्या टप्प्यात औषध देऊ शकले तर आजार हलका होतो. पण त्या टप्प्यात हा आजार साध्या पडशासारखाच दिसतो, त्यामुळे संशय येणार कुणाला? उबळ सुरू झाल्यावर दिलेलं औषध मुख्यतः घरातल्या इतरांना वाचवतं. तेही काही कमी नाही, म्हणून ते द्यायचंच.

उबळ एकदा पाहिली की विसरता येत नाही. एकाच श्वासात दहा-पंधरा खोकले एकामागून एक येतात, मधे श्वास घ्यायला उसंत नाही. चेहरा लाल होतो, मग निळसर पडतो, जीभ बाहेर येते, डोळ्यांतून पाणी वाहतं. आणि मग आकसलेल्या घशातून हवा आत ओढताना तो ‘हूऽऽप’ असा आवाज. त्यामागून उलटी. दोन उबळींच्या मधे मूल अगदी ठणठणीत दिसतं, खेळतंसुद्धा, आणि दवाखान्यात नेलं की नेमकी उबळ येत नाही. ताप फारसा नसतो, कारण जंतू अस्तरावरच असतो, रक्तात उतरत नाही. आईनं मोबाइलवर उबळीचा व्हिडिओ काढून नेला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

रक्तात जंतू जात नसला तरी त्याचं विष जातं. परट्युसिस टॉक्सिनमुळे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्त सोडून ऊतकांमध्ये जाऊ शकत नाहीत आणि रक्तात त्यांची गर्दी होते. ‘ताप नाही, खोकला भयंकर, आणि रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट खूप’ ही खूण अनुभवी बालरोगतज्ज्ञ लगेच ओळखतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये ही संख्या कधी कधी एका मायक्रोलिटरला लाखावर जाते. मग फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हृदयावर ताण येतो. एवढ्या लहान बाळांना ‘हूप’ बहुधा येतच नाही. ती खोकतही नाहीत कधी कधी, नुसता श्वास थांबतो. या आजारात जीव जातात ते मुख्यतः याच वयात.

आणखी एक विष आहे, अ‍ॅडेनिलेट सायक्लेज टॉक्सिन. जंतूला खायला धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये ते शिरतं आणि त्यांच्या अंतर्गत निरोपांचा असा गोंधळ करून टाकतं की त्या जागच्या जागी निकामी होतात. चिकटून बसायला वेळ हवा असतो, तो या विषामुळे मिळतो.

सगळे जंतू असंच करतात असं नाही. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस अंगावर साखरेचं जाड कवच घेऊन असतो, भक्षक पेशींच्या तावडीतून निसटायला. पण कवच जाड तर चिकटायची प्रथिनं त्याखाली झाकली जातात. म्हणून तो नाकाघशात असताना कवच पातळ ठेवतो आणि रक्तात उतरायचं झालं की जाड करतो. कितीतरी निरोगी मुलांच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहत असतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आला की चित्र पालटतं. तो पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाची सायलिक आम्लं छाटतो, अस्तर सोलतो, आणि न्यूमोकॉकसला धरायला नव्या जागा उघड्या पडतात. १९१८ च्या साथीत मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत माणसं पटापट गेली, त्यातल्या बहुतेकांचा घात फ्लूमागून आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियानं केला. मायकोप्लाझ्मा नावाचा, न्यूमोनियाच करणारा जंतू तर आणखी वेगळा. त्याला पेशीभित्तिकाच नाही, म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. पण शरीराच्या एका टोकाला खास चिकटायचा अवयव आहे आणि तो त्याच टोकाच्या दिशेनं पेशीवरून घसरत पुढे जातो.

धुराचाही इथे संबंध येतो. विडी-सिगारेटच्या धुरानं सिलियांची हालचाल मंदावते, काही गळतात. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनिया जास्त होतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये दिसलेलं आहे. वाहणारा थर थांबला की चिकटायला सवड मिळते, एवढं साधं आहे ते.

आणि घरगुती उपाय? ज्येष्ठमधाचा तुकडा, हळद घातलेलं दूध, आल्याचा रस आणि मध यांनी घसा शेकतो, बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र देऊ नये.) पण सिलियांच्या झुबक्यात बसलेला जंतू यानं सुटत नाही. दोन महिन्यांचं बाळ खोकताना निळं पडत असेल तर घुटी उगाळत बसायची वेळ नसते, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

पकड सोडवायची की विष काढायचं

चिकटणं ही पहिली पायरी, तर तीच का नाही तोडायची? कल्पना सरळ आहे आणि जुनीही. ज्या साखरेला जंतू धरतो तीच साखर औषध म्हणून द्यायची, म्हणजे तो तिलाच धरून वाहून जाईल. फिनलंडमध्ये १९९६ साली पाळणाघरातल्या मुलांना झायलिटॉल या गोड पदार्थाचं च्युइंगगम दिल्यावर मधल्या कानाच्या संसर्गाचं प्रमाण घटलेलं दिसलं होतं. झायलिटॉलमुळे न्यूमोकॉकसची वाढ आणि पकड दोन्ही कमी होतात. पण दिवसातून पाच वेळा ते चघळायचं कुणी? शिवाय बहुतेक जंतूंच्या पकडी अनेक. एक अडवली की दुसरी.

शरीर स्वतः हेच काम प्रतिपिंडांकडून करून घेतं. श्लेष्म्यातली आयजीए जातीची प्रतिपिंडं जंतूच्या अ‍ॅडहेझिनवर जाऊन बसतात, म्हणजे धरायला जागाच उरत नाही आणि जंतू वाहून जातो. लशीनं ही प्रतिपिंडं आधीच तयार करून ठेवायची, हा पुढचा विचार.

डांग्या खोकल्याची पहिली भरवशाची लस अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स गावी, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी तयार केली. काळ १९३० च्या दशकातल्या मंदीचा. दिवसा सरकारी प्रयोगशाळेतलं नेहमीचं काम आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात घरोघरी जाऊन आजारी मुलांच्या तोंडासमोर त्या बोर्डेंच्या माध्यमाची थाळी धरायची. मूल थाळीवर खोकायचं, जंतू थाळीवर पडायचे. मारलेल्या अख्ख्या जंतूंची ती लस होती. पुढे घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लशींशी तिची सांगड घातली गेली आणि आपल्या ओळखीची डीपीटी झाली. आपल्या सरकारी लसीकरणात ती आज पेंटाव्हॅलंटच्या रूपात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळते आणि नंतर डीपीटीचे दोन बूस्टर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ही लस बनते आणि इथून जगभर जाते.

अख्खा जंतू टोचला म्हणजे त्याच्या कवचातले ताप आणणारे घटकही टोचले गेले. मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. यावरूनच जपानात मोठं प्रकरण झालं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात लशीनंतर दोन बालकं दगावली, भीती पसरली, लसीकरण थंडावलं. १९७४ साली तिथे डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू शून्य. १९७९ मध्ये रुग्ण सुमारे तेरा हजार आणि मृत्यू ४१. तेवढ्यात युजी सातो यांनी नव्या तऱ्हेची लस तयार केली आणि १९८१ पासून ती जपानात दिली जाऊ लागली. तिच्यात अख्खा जंतू नाही, त्याची निवडक प्रथिनंच. कोणती? निष्प्रभ केलेलं परट्युसिस टॉक्सिन आणि एफएचए. पुढच्या कंपन्यांनी त्यात परटॅक्टिन आणि फिम्ब्रिए घातले. थोडक्यात, पकडीची सामग्री.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खासगी बालरोगतज्ज्ञाकडे ‘दुखणारी देऊ की न दुखणारी?’ असं विचारतात ना, त्यातली ‘न दुखणारी’ ती हीच. महाग आहे म्हणून ती सरस, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. तो खरा नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात १९९८ साली जन्मलेल्या मुलांपैकी काहींना सुरुवातीला जुनी लस मिळाली, काहींना फक्त नवी. दहा-बारा वर्षांनी साथ आली तेव्हा फक्त नवी मिळालेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण तिपटीहून जास्त होतं. नव्या लशीचं संरक्षण काही वर्षांतच ओसरू लागतं. म्हणून बाळाला एक रात्र ताप आला, एवढ्यावरून पुढचा डोस चुकवणाऱ्या किंवा ‘न दुखणारी’चाच हट्ट धरणाऱ्या पालकांना मी तरी अंगणवाडीतल्या सुईचीच बाजू सांगेन. एखाद्या बाळाला खरंच अडचण असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

जंतूही गप्प बसला नाही. ज्या देशांत नवी लस सरसकट आहे तिथे परटॅक्टिन बनवणंच सोडून दिलेले जंतू वाढू लागले. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांत तर तेच बहुसंख्य होते. एक पकड टाकून दिली आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं वाया गेली. बाकीच्या पकडी होत्याच.

त्याहून मोठा धक्का बबून माकडांनी दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या संशोधकांनी बबूनना नवी लस देऊन मग घशात जंतू सोडले. माकडं खोकली नाहीत. पण त्यांच्या घशात जंतू आठवडेच्या आठवडे राहिले, आणि शेजारी ठेवलेल्या लस न घेतलेल्या माकडांना त्यांच्याकडून लागण झाली. विष अडलं, चिकटणं नाही. दंडात किंवा मांडीत टोचलेल्या लशीची प्रतिपिंडं रक्तात भरपूर असतात, पण नाकाघशाच्या श्लेष्म्यात, जिथे खरा सामना होतो तिथे, फारशी पोचत नाहीत. म्हणजे लस घेतलेला, साधा खोकला असलेला मोठा माणूस घरातल्या तान्ह्या बाळाला जंतू देऊ शकतो. बारशाला आलेल्या खोकणाऱ्या काकांना ‘बाळाला लांबूनच बघा’ म्हणायला संकोच करू नका. गरोदरपणात, सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात आईनं टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची मोठ्यांची लस) घेतली तर तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि पहिला डोस लागू होईपर्यंतची फट बुजते. ब्रिटननं २०१२ च्या साथीत हे सगळ्या गरोदर स्त्रियांसाठी सुरू केलं. आपल्याकडे सरकारी यादीत अजून टीडी आहे, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. टीडॅप खासगीत मागावी लागते.

आता एक तिसरी वाट तपासली जात आहे. फ्रान्समधल्या लीलच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कामिल लोश्ट यांच्या गटानं या जंतूच्या जनुकांत तीन बदल केले. एक विष काढूनच टाकलं. परट्युसिस टॉक्सिन बनतं, पण त्याचा डंख मोडलेला. आणि भिंतीचे तुकडे सांडण्याची खोड घालवण्यासाठी ते परत आत ओढणारं, ई. कोलायचं एक जनुक बसवलं. या जिवंत जंतूचं नाव बीपीझेडई-१. तो सुईनं टोचत नाहीत, नाकात फवारतात. २०२३ मध्ये त्याच्या मोठ्या माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा नाकातल्या श्लेष्म्यात आयजीए प्रतिपिंडं चांगली वाढलेली दिसली. त्याच्या एफएचएला, फिम्ब्रिएंना आणि परटॅक्टिनला मात्र संशोधकांनी हात लावलेला नाही. नाकात काही दिवस चिकटून राहिल्याशिवाय तो शरीराला काही शिकवू शकणार नाही.